जामीनदार नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्यायचं का?

प्रश्न : वकीलताई, मी मूळची सांगलीची. कंपनीने तीन वर्षांसाठी मेक्सिको सिटीला पाठवलं आहे. रेसिदेन्ते तेम्पोराल, म्हणजे तात्पुरत्या रहिवाशाचं, कार्ड हातात आहे, त्यात कामाची परवानगीही आहे. सध्या कंपनीच्या सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये राहते, पण जूनमध्ये मिस्टर आणि चार वर्षांची मुलगी येणार, तोवर घर हवं. नार्वार्ते भागात दोन बेडरूमचा फ्लॅट आवडला, भाडं महिना २४,००० पेसो. एजंट म्हणतो, याच शहरात स्वतःच्या नावावर घर असलेला जामीनदार आणा. नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि बारा ‘पागारें’वर, म्हणजे वचनचिठ्ठ्यांवर, सह्या द्या. फ्लॅट फर्निश्ड आहे म्हणून भाड्यावर १६ टक्के कर वेगळा, आणि दरवर्षी १० टक्के वाढ. शुक्रवारपर्यंत १०,००० पेसो टोकन त्याच्या पुतण्याच्या खात्यात भरायचं आहे. मालकीणबाईंना मी अजून पाहिलेलं नाही. घर हातचं जाईल अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर : शुक्रवारी पैसे भरू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

मी महाराष्ट्रात वकिली करते, मेक्सिकोत माझी सनद चालत नाही. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांचे भाडेकरार गेली काही वर्षं माझ्या टेबलावर येतात, त्यातून तिथला कायदा वाचावा लागला. म्हणून अंतिम मसुदा तिथल्या एखाद्या अबोगादोला, म्हणजे वकिलाला, दाखवाच. नार्वार्ते मेक्सिको सिटीत येतं, म्हणून मी लिहिते ते या शहराच्या दिवाणी संहितेबद्दल. उद्या बदली केरेतारो, ग्वादालाहारा किंवा मॉन्तेर्रेला झाली तर यातलं बरंच बदलेल, कारण तिथे प्रत्येक राज्याची संहिता निराळी असते.

आधी मालकी. पैसे पुतण्याच्या खात्यात का जावेत, याचं एकही सरळ कारण मला सुचत नाही. एजंटाकडे तीन गोष्टी मागा: घरपट्टीची ताजी पावती, तिला तिथे ‘प्रेदिआल’ म्हणतात, मालकीणबाईंचं मतदार ओळखपत्र, ‘इने’, आणि खरेदीखताचं, ‘एस्क्रितुरा’चं, पहिलं पान. तिन्हींवर एकच नाव हवं. त्यांच्या वतीने मुलगा किंवा पुतण्या सही करणार असेल तर नोतारिओसमोर केलेलं मुखत्यारपत्र हवं. तिथला नोतारिओ आपल्या कोर्टाबाहेर शिक्के मारणाऱ्या नोटरीसारखा नसतो, त्याच्या सहीला मोठं वजन असतं. शिवाय सकाळी आठच्या सुमारास त्या इमारतीशी जा. पोर्तेरो, म्हणजे इमारतीचा रखवालदार, त्या वेळी बहुधा दारापुढची फरशी धूत असतो. फ्लॅट कुणाचा, बाई कुठे राहतात, आधीचे भाडेकरू का गेले, हे त्याच्याइतकं एजंटही सांगणार नाही.

आता जामीनदार. तुमच्या पत्रातला सूर वाचून मला वाईट वाटलं. परकी म्हणून आपल्याला कमी लेखतात, तेव्हा जास्त पैसे मोजून भरपाई करावी, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. तसं नाही. ‘आवाल’, म्हणजे जामीनदार, तिथेच जन्मलेल्या मुलामुलींनाही मागतात, आणि ज्यांच्या काका-मामाचं त्या शहरात घर नाही तेही असेच अडतात. मालकाच्या भीतीला कारणं आहेत. भाडं थकवणाऱ्याला कोर्टातून बाहेर काढायला तिथे फार वेळ जातो. त्यातच २०१९ पासून एक राष्ट्रीय कायदा आहे, ‘एक्स्तिन्सिओन दे दोमिनिओ’ नावाचा. ठरावीक गंभीर गुन्ह्यांसाठी घर वापरलं गेलं तर सरकार ते घरच ताब्यात घेऊ शकतं, आणि आपण सद्भावनेने भाड्याने दिलं होतं हे दाखवण्याची वेळ मालकावर येते. म्हणून ते भाडेकरूची चौकशी करतात. चौकशीला हरकत घेऊ नका. पासपोर्ट, रेसिदेन्ते कार्ड, त्यावरचा ‘कुर्प’ हा तिथला सरकारी ओळख क्रमांक, कंपनीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या एका फाइलमध्ये तयार ठेवा.

जामीनदाराला दोन पर्याय आहेत, आणि दोन्ही सहा महिन्यांच्या आगाऊ भाड्यापेक्षा बरे.

पहिला, तुमची कंपनी. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा की करार कंपनीच्या नावाने होईल का, किंवा कंपनी ‘ओब्लिगादो सोलिदारिओ’, म्हणजे सह-जबाबदार, म्हणून सही करेल का. बदलीवर पाठवताना तिकीट आणि विमा देणारी कंपनी एवढं करू शकते. आपली माणसं संकोचाने विचारतच नाहीत.

दुसरा, ‘पोलिसा हुरीदिका’. नावात पॉलिसी असली तरी हा विमा नाही. एक कायदेविषयक संस्था तुमची चौकशी करते, करार लिहून देते आणि भाडं थकलं तर मालकाच्या वतीने वसुली व खाली करण्याचा दावा चालवते. खर्च साधारण एका महिन्याच्या भाड्याच्या निम्म्याच्या आतबाहेर. तो बहुधा भाडेकरूवर टाकतात, पण निम्मा-निम्मा करायची बोलणी होतात, नक्की करून पाहा. एक मात्र लक्षात असू द्या: ही पोलिसा मालकाचं रक्षण करते, तुमचं नाही. त्यांचा वकील म्हणजे तुमचा वकील नव्हे.

आता आकडे मांडू. एजंट मागतोय १,४४,००० आगाऊ आणि ४८,००० डिपॉझिट, म्हणजे १,९२,००० पेसो. संहितेच्या कलम २४४८-ई प्रमाणे घरमालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागता येत नाही. राहण्याच्या घरांबद्दलच्या या तरतुदी ‘सार्वजनिक व्यवस्थे’च्या मानल्या आहेत, करारात त्याविरुद्ध काही लिहिलं तर ते लिहिलंच नाही असं धरायचं, असं कलम २४४८ म्हणतं. म्हणजे तुमच्या सहीनेही तो हक्क जात नाही. आगाऊ भाड्याची गोष्ट निराळी, ते डिपॉझिट नव्हे असं एजंट म्हणेल. पण व्यवहाराचं बोलू. पैसे दिले की तुमचा हात दगडाखाली. टाकीत पाणी येत नाही, बॉयलर पेटत नाही, भिंतीला ओल आली, तर तुम्ही कशाच्या जोरावर बोलणार? दरमहा भाडं देणाऱ्या भाडेकरूचा फोन मालक उचलतो. पोलिसा असताना वर सहा महिने मागणं म्हणजे एकाच भीतीची दोनदा किंमत घेणं, हे त्यांना शांतपणे सांगा.

पागारेंबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण खरा धोका तिथे आहे. पागारे म्हणजे आपली वचनचिठ्ठी, प्रॉमिसरी नोट. भाडेकरारावर दावा लावला तर तुमची बाजू ऐकली जाते. पागारेवर दावा लावला तर तो व्यापारी स्वरूपाचा झटपट दावा होतो, त्यात सुरुवातीलाच मालमत्तेवर जप्ती आणता येते आणि तुमचं म्हणणं नंतर. वर ती चिठ्ठी पाठीवर सही करून तिसऱ्याला देता येते. त्या तिसऱ्याला तुमच्या घराची गळकी टाकी माहीत नसते. नाशिकच्या एका तरुणाची कागदपत्रं माझ्याकडे आली होती. भाडं दर महिन्याला वेळेवर, बँकेचा प्रत्येक व्यवहार फाइलला, आणि बारापैकी अकरा चिठ्ठ्या मालकाकडून परत घेतलेल्या, ‘पगादो’, म्हणजे पैसे भरले, अशा शिक्क्यासह. बारावी घ्यायची राहिली, कारण शेवटच्या आठवड्यात सामान बांधायची घाई होती. दीड वर्षाने तीच बारावी दुसऱ्याच माणसाच्या हातात निघाली.

तेव्हा पहिलं म्हणणं, पागारे नकोत. पोलिसा आणि डिपॉझिट दोन्ही असताना त्यांची गरज नाही. अगदीच अडून बसले तर चार अटी घाला. प्रत्येक चिठ्ठी एकाच महिन्याच्या भाड्याची, रक्कम आणि तारीख भरलेली, कोरी जागा एकही नाही. तिच्यावर ‘नो नेगोसिआब्ले’ असं लिहिलेलं, म्हणजे ती हातोहात फिरणार नाही. कोणत्या तारखेच्या भाडेकरारापोटी ती दिली, त्याचा उल्लेख चिठ्ठीवर आणि करारातही. आणि भाडं भरलं की मूळ चिठ्ठी परत, फोटो चालणार नाही.

१६ टक्क्यांचा कर. मूल्यवर्धित कराच्या तिथल्या कायद्यात राहण्यासाठी दिलेल्या घराच्या भाड्याला सूट आहे, फर्निश्ड घराला मात्र नाही. एजंट त्यावरच बोट ठेवतोय. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला काय दिसतं? ओट्याखालची कपाटं, गॅसची टाकी, पाणी तापवायचा बॉयलर, बेडरूममधलं भिंतीतलं कपाट, पडदे आणि गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पलंग नाही, सोफा नाही, फ्रिज नाही. त्या कायद्याच्या नियमावलीत घर ‘फर्निश्ड’ धरू नये अशा वस्तूंची यादीच दिली आहे, आणि तिच्यात स्वयंपाकघर, गॅसची टाकी, पाण्याचा हीटर, कपाटं, पडदे, एवढंच काय कपडे वाळवायच्या दोऱ्याही आहेत. म्हणजे तुमचं घर फर्निश्ड नाही आणि महिन्याला ३,८४० पेसो द्यायचं कारण नाही. करारात ‘आमुएब्लादो’, म्हणजे फर्निश्ड, हा शब्द येऊ देऊ नका.

१० टक्क्यांची वाढ हा जुन्या छापील मसुद्याचा अवशेष. पूर्वी कमाल मर्यादा १० टक्के होती. २९ ऑगस्ट २०२४ रोजी शहराच्या राजपत्रात कलम २४४८-डी मधली दुरुस्ती प्रसिद्ध झाली. आता वाढ वर्षातून एकदाच, आणि बँको दे मेहिकोने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, आदल्या वर्षासाठी सांगितलेल्या महागाई दरापेक्षा जास्त नाही. तसंच कराराची नोंद सरकारी डिजिटल नोंदवहीत तीस दिवसांत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. भाडं पेसोतच लिहायचं, डॉलरमध्ये नाही.

आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची इतकी सवय आहे की वर्षाचा करार पाहून मन बिचकतं. तिथे राहण्याच्या घराचा करार किमान एक वर्षाचा आणि दोघांवरही बंधनकारक. वेगळं ठरलं असेल तरच सूट. तुमच्या बाबतीत हे ‘वेगळं’ ठरवून घेणं फार महत्त्वाचं आहे. कंपनीने मध्येच परत बोलावलं तर साठ दिवसांची लेखी सूचना देऊन, एखाद्या महिन्याच्या भाड्याइतकी ठरावीक रक्कम भरून बाहेर पडता येईल, असं कलम लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. करार लेखी नसला तर त्याचा दोष तिथला कायदा मालकाच्या माथी मारतो, जवळजवळ आपल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ सारखा. पण तो आधार कोर्टात उभं राहिल्यावर कामाला येतो, आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्हाला कोर्टात उभं राहायचं नाही.

भाडं नेहमी बँकेतून, मालकीणबाईंच्या नावावरच्या अठरा अंकी ‘क्लाबे’ या बँक खात्याच्या क्रमांकावर, आणि तपशिलात महिना व फ्लॅट क्रमांक. दर महिन्याची पावती मागा. तीन महिन्यांहून जास्त काळ पावत्या दिल्या नाहीत आणि मालकाने रीतसर मागणीही केली नाही, तर भाडं भरलं असंच कायदा धरतो. हे माहीत असावं, पण त्यावर विसंबू नये.

वीजबिल तेवढं बघा. आधीच्या भाडेकरूचा वापर बारा महिन्यांच्या सरासरीने महिना २५० युनिटांच्या वर असेल तर मीटर ‘दाक’ या महागड्या दरात गेलेला असतो, आणि तो दर मीटरबरोबर तुमच्या गळ्यात पडतो. मागची दोन बिलं मागितली की कळेल.

आणि भूकंप. नार्वार्तेमध्ये १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात इमारतींचं नुकसान झालं, जुन्या तळ्याच्या मऊ मातीचा तो भाग. तुम्ही मुलीला घेऊन राहणार, म्हणून विचारते: इमारत कधीची, २०१७ नंतर रचनेची तपासणी झाली का, तिचा ‘दिक्तामेन’, म्हणजे तज्ज्ञाचा दाखला, बघायला मिळेल का? हा प्रश्न विचारायला लाजू नका. तिथली माणसंही विचारतात. कायद्यात एवढा आधार आहे की अशा आपत्तीने घर अजिबात वापरता आलं नाही तर त्या काळाचं भाडं लागत नाही, आणि दोन महिन्यांच्या वर तसंच राहिलं तर करार रद्द मागता येतो, कलम २४३१.

तेव्हा आज संध्याकाळी एजंटाला एवढंच लिहा: ‘प्रिमेरो एल प्रेदिआल, देस्पुएस एल आपार्तादो.’ आधी घरपट्टी, मग टोकन. खरा एजंट असेल तर दोन दिवसांत कागद पाठवेल. तो चिडला, किंवा दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणाला, तर शनिवारी सकाळी चपला घाला आणि नार्वार्ते, देल व्हाये, पोर्तालेसच्या गल्ल्या पायी फिरा. खिडक्यांवर ‘से रेन्ता’, म्हणजे भाड्याने देणे आहे, अशा पाट्या असतात, खाली फोन नंबर. कित्येकदा तो फोन थेट मालकच उचलतो. कराराचा मसुदा हातात आला की सही करण्याआधी सगळी पानं मला पाठवा, जोडपत्रांसकट.