वाचकांचे प्रश्न : तडकलेली मूठ, वाकलेले दाते

प्रश्न : माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत जॉबर होते. त्यांचा सेफ्टी रेझर अजून आमच्या घरी आहे आणि गेली काही वर्षे मी तो वापरतही होतो. त्याचे टोपी, कंगव्यासारखे दाते असलेली तळपट्टी आणि मूठ असे तीन भाग सुटे होतात. अलीकडे तो न्हाणीघरातील शहाबादी फरशीवर पडला. मुठीच्या गळ्याशी उभी चीर दिसते आहे, त्यामुळे आवळताना आटे निसटतात. तळपट्टीच्या एका कोपऱ्यातील दोन दातेही वाकले आहेत. ओळखीचे तांबट म्हणतात की चिरेवर पितळेचा झाळ देऊ. लेथवाले म्हणतात की ५ मिलिमीटरचे नवे आटे पाडू. आत्या म्हणते की आधी चिंच आणि पितळ घासायची पावडर लावून लख्ख कर. रेझरवर इंग्रजीत १५ नोव्हेंबर १९०४ अशी तारीख आहे. इतक्या जुन्या वस्तूला हात लावावा की नाही? (वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

उत्तर : तिघांचेही सल्ले आपण तूर्त बाजूला ठेवावेत. तिघेही आपापल्या कामात चोख असतील, परंतु आपल्या रेझरला ज्या दोन दुखापती झाल्या आहेत त्या एका जातीच्या नाहीत आणि त्यांवर एकच इलाज चालणार नाही.

आधी तारखेविषयी. किंग कॅम्प जिलेट यांना त्यांच्या सेफ्टी रेझरचे अमेरिकन पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळाले. तीच तारीख पुढे तयार होणाऱ्या मालावर ठोकली जात असे, त्यामुळे ती पेटंटची तारीख आहे, आपला रेझर घडवल्याची नव्हे. टोपीच्या पोटाशी मध्यभागी आट्यांचा खुंट आणि त्याच्या दोन बाजूंना दोन गोल खुंट्या असतील, तर ती जिलेटची सर्वांत जुनी घडण होय. ती १९०३ पासून १९२० चे दशक संपेपर्यंत बनत राहिली. (विक्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, केवळ ५१ रेझर खपले होते; पुढच्याच वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला.) आज किराणा दुकानात मिळणारे दुधारी ब्लेडही तिच्यात बसते, म्हणून रेझर पुन्हा वापरात आणण्याची आपली इच्छा मुळीच अवास्तव नाही.

आता चीर. माझा अंदाज असा की ती पडल्यामुळे झालेली नाही, पडल्यामुळे केवळ उघडी पडली. भिंगाखाली चिरेच्या कडा पाहाव्यात. त्या पिवळ्याधमक असतील तर चीर ताजी आहे, काळपट किंवा हिरवट असतील तर ती कित्येक वर्षांपूर्वीची आहे. या घडणीच्या मुठी पातळ पितळी नळीच्या असत. नळी ओढून घडवताना धातूत जो ताण राहतो तो कधी पूर्ण जात नाही, आणि त्यात भर म्हणून रोज कोणीतरी मूठ गरजेपेक्षा जास्त आवळत असतो. अशा ताणलेल्या पितळेला दमट हवेत अमोनियाची वाफ लागली की ते कणाकणांच्या सीमेवरून तडकते. हा दोष हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याने चांगलाच अनुभवला होता. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवलेल्या काडतुसांची पितळी टरफले आपोआप तडकत, आणि लिदीमुताच्या अमोनियाचा त्यात हात आहे हे १९२१ मध्ये ब्रिटनमधील धातुशास्त्रज्ञांनी स्पष्ट केले. जुन्या वाड्यांत न्हाणीघर आणि गोठा यांच्यात अनेकदा एकच भिंत असे, हे आपणास सांगायला नको. तात्पर्य एवढेच की ज्या पितळ-पॉलिशला अमोनियाचा उग्र वास येतो ते या मुठीजवळही नेऊ नये.

यावरून तांबटांचा झाळ का नको तेही कळेल. पितळेचा झाळ ८०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. तेवढ्या उष्णतेने वरचा मुलामा करपेल, आणि त्याहून वाईट म्हणजे गळ्याचे पितळ पूर्ण मऊ पडून आतले आटे पहिल्याच आवळणीत चेपतील. लेथवाल्यांचे ५ मिलिमीटरचे आटेही चालणार नाहीत, कारण हे रेझर इंची मापाचे आहेत. जिलेटच्या पुढच्या काळातील तीन भागांच्या रेझरमध्ये सामान्यतः इंचाला ३२ आट्यांचा, सुमारे ४.८ मिलिमीटर व्यासाचा खुंट असतो. आटे पाडण्याच्या ५ मिलिमीटरच्या टॅपशी त्याचा आट्यांमधील अंतराचा मेळ जवळजवळ बसतो आणि म्हणूनच फसगत होते : टॅप सहज फिरतो, भोक मात्र मोठे होते आणि खुंट कायमचा डुगडुगू लागतो. आपली घडण त्याहूनही जुनी असल्याने आटे आणखी वेगळे असू शकतात. लेथवाल्यांना फक्त आटेमापक पट्टी लावून माप सांगण्यास सांगावे. आटे झिजले नसतील तर ते नव्याने पाडण्याचे कारणच नाही, कारण ते निसटतात ते केवळ गळा फाकतो म्हणून.

करायचे ते असे. चिंचोळ्या पितळी नळीतून एक बांगडी कातून घ्यावी. तिची जाडी मिलिमीटरभर असावी आणि लांबी चिरेच्या टोकाच्या पुढे ३ ते ४ मिलिमीटर जाईल इतकी असावी. आतला व्यास गळ्यावर सरकताना साध्या कागदाइतकी फट राहील एवढाच ठेवावा. लेथवाल्यांचे खरे काम हे आहे, आणि यंत्रमागाचे सुटे भाग कातणाऱ्या सोलापूरच्या कारागिरांना ते अवघड वाटणार नाही. बांगडीची वरची कड गळ्याच्या कडेपेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे, नाहीतर तळपट्टी गळ्याऐवजी बांगडीवर टेकेल. त्यानंतर गळा स्पिरिटने पुसून, बांगडी बसवून, ती मऊ सोल्डरने झाळावी. सोल्डर शिशाचे नसावे, कथील आणि चांदीचे असावे. ते सुमारे २२१ अंशांवर वितळते आणि इतक्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही. आट्यांत सोल्डर शिरू नये म्हणून आत पेन्सिलीचे शिसे नीट घासावे, कारण त्यावर सोल्डर धरत नाही. रेझरची टोपी मात्र आत पिळून ठेवण्याचा मोह टाळावा. झाळून झाल्यावर मूठ गरम पाण्यात साबणाने धुवावी, कारण सोल्डर धरावे म्हणून लावलेला फ्लक्स राहिला तर तो पुढे पितळ खातो. घरात सोल्डरची सोय नसेल तर दोन नळ्यांमधले कडक होणारे इपॉक्सी वापरून बांगडी चिकटवली तरी बऱ्यापैकी टिकते. शिवाय बांगडी नको वाटल्यास इपॉक्सी तापवून ती पुन्हा काढता येते, हा फायदा मला मोठा वाटतो. वारशातल्या वस्तूवर असाच उपाय करावा जो पुढच्या माणसाला उलटवता येईल.

आणि आणखी एक शक्यता आपण विसरू नये. हलक्या हाताने आवळल्यावर मूठ धरत असेल, तर काहीही न करता तशीच वापरावी. चीर केवळ दिसते म्हणून बुजवणे मला पटत नाही.

दात्यांचा प्रश्न वेगळा आहे, पण तिथेही घाई नको. पितळ थंड अवस्थेत वाकवले की ते कठीण आणि ठिसूळ होत जाते. पडल्याने दाता एकदा वाकला, आपण एकदा सरळ केला, इथवर ठीक. तिसऱ्या वाकवणीत तो हातात येऊ शकतो. म्हणून एकाच बेताच्या दाबात काम व्हावे. गुळगुळीत जबड्याच्या पकडीला चामड्याचा तुकडा लावावा, तळपट्टी बाभळीच्या सपाट फळीवर ठेवावी, दाता मुळापासून धरावा आणि हातोडी अजिबात वापरू नये. तापवून मऊ करू, असे कोणी सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. काम झाले की ब्लेड न लावता तळपट्टी जाड सोलापुरी टॉवेलवरून उलटसुलट फिरवावी. टॉवेलचे फासे कुठेही अडकले, तर त्या दात्याला टोक किंवा कच आहे असे समजून ती जागा बारीक पॉलिश कागदाने घासावी. शेवटी ब्लेड लावून रेझर खिडकीच्या उजेडापुढे धरावा आणि ब्लेडची धार व दाते यांच्यातील फट दोन्ही बाजूंना, दोन्ही टोकांना सारखी आहे ना ते पाहावे. एका टोकाला फट जास्त असेल तर त्या बाजूने तो नक्की कापणार.

मात्र दात्यांच्या नादात टोपी तपासायची राहू नये. ब्लेडला वाक देते आणि घट्ट दाबून धरते ती टोपी, आणि ती कोपऱ्यावर पडली तर डोळ्याला सहज न दिसणारा खोक पडतो. खुद्द कंपनीलाही या दोषाची जाणीव होती. १९३० मध्ये तिने जी नवी घडण आणली तिच्यात टोपीचे कोपरे भक्कम केले होते आणि ब्लेडचे कोपरे कापलेले होते. तो कापलेला कोपरा आजच्या ब्लेडवरही दिसतो. टोपीच्या दोन्ही लांब कडांना सरळ पट्टी लावून चारही कोपरे टेकतात का ते पाहावे. एखादा अधांतरी राहत असेल तर ती सरळ करण्याच्या भानगडीत न पडता त्याच घडणीची दुसरी टोपी शोधावी, आणि ती मिळेपर्यंत हा रेझर दाढीसाठी वापरू नये. तिथे तडजोड केली तर रक्त निघणारच.

आत्याबाईंच्या चिंचेबाबत : चिंचेतले आम्ल उघड्या पितळेतील जस्त ओढून घेते आणि त्या जागी तांबूस डाग राहतात, तर घासण्याची पावडर मुलामाच काढून टाकते. या घडणीवर बहुधा चांदीचा मुलामा असे. रेझर काळवंडला असेल तर चांदी आहे, नुसता धुरकट पिवळसर झाला असेल तर निकेल. दोन्हीला कोमट पाणी, भांडी घासायचा पातळ साबण आणि मऊ दातब्रश एवढे पुरते. देवघरातल्या समईप्रमाणे तो दर शनिवारी चमकवण्याची गरज नाही.

प्रश्न : मंगळवार पेठेतल्या जुन्या सामानाच्या दुकानातून खालची कळ फिरवली की वरची दोन दारे उघडतात असा जिलेट रेझर घेतला. कळ अर्धीच फिरते. तळाशी 'झेड ३' असे कोरले आहे. (वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : कळ जोराने फिरवू नका. आतली सळई पिळली गेली तर तो रेझर कायमचा निकामी होतो, कारण हे भाग रिव्हेटने पक्के केलेले असतात आणि उघडून पुन्हा जोडता येत नाहीत. बहुतेक वेळा दोष वाळलेल्या साबणाचा आणि जड पाण्यातील चुन्याचा असतो. बोअरच्या पाण्यावर दाढी करणाऱ्यांना बादलीवरचा पांढरा थर पाहिला की हे पटेल. कोमट साबणपाण्यात तासभर बुडवून ठेवावा, मधूनमधून कळ सहज जाईल तेवढीच हलवावी. न सुटल्यास व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जास्तीत जास्त दहा मिनिटे ठेवावा, लगेच स्वच्छ धुवून वाळवावा आणि सळईवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब सोडावा. खोबरेल नको, ते पुढे चिकट होते. रेझर सोनेरी असेल तर गरम पाणीही टाळावे, कारण त्यावर लाखेचा पारदर्शक थर असतो आणि तो उकलतो. अमेरिकेत घडलेल्या जिलेटवरील 'झेड ३' म्हणजे १९५४ ची तिसरी तिमाही. १९५५ पासून अक्षरे पुन्हा 'ए' पासून सुरू झाली. वापरण्यापूर्वी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्यावा, कारण कावीळ बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरू शकतो.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या रेझरच्या डोक्यावरचा क्रोम फुगून खाली करडे खड्डे पडले आहेत. पुन्हा मुलामा देता येईल का? (वाचिका, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. डोके जस्ताच्या मिश्रधातूचे आहे. न दिसणाऱ्या जागी कानस फिरवल्यास पितळेसारखा पिवळा नव्हे, तर आधी तांबूस पातळ थर आणि मग करडा धातू दिसेल. खड्डे धातूत खोलवर गेलेले असतात, त्यामुळे वर दिलेला मुलामा काही महिन्यांत पुन्हा फुगतो. हे सोल्डरही करू नये, हा धातू ३८० अंशांच्या आसपासच वितळू लागतो. मुठीचे आटे चांगले असतील तर त्याच आट्यांचे नुसते डोके वेगळे विकत घ्यावे.