सगळ्यांचा फोल्डर, सगळ्यांचा प्रिंटर

या खेपेच्या पत्रांत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा आली आहेत: ‘फोल्डर उघडत नाही’ आणि ‘प्रिंट निघत नाही’. गेली एकोणीस वर्षं मी नेटवर्क सांभाळते आहे आणि माझ्याही बहुतेक कामांची सुरुवात याच दोन वाक्यांनी होते. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे आठ संगणक आहेत. ‘हिशेब’ हा फोल्डर मी शेअर केला आणि नव्या सहकारी मुलीला फुल कंट्रोल दिला. तिला फाइल उघडता येते, पण सेव्ह करताना ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. आता कंटाळून एव्हरीवनलाच, म्हणजे सरसकट सगळ्यांना, फुल कंट्रोल द्यावा म्हणतो. देऊ का? – हिशेब सांभाळणारा वाचक

उत्तर : देऊ नका. तुमची अडचण खरी आहे, पण तिचं मूळ दुसरीकडे आहे.

विंडोजमध्ये शेअर केलेल्या फोल्डरला दोन दारं असतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडल्यात की शेअरिंग आणि सिक्युरिटी असे दोन टॅब दिसतील. शेअरिंगमधली परवानगी फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू होते. सिक्युरिटीमधली, म्हणजे एनटीएफएसची (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत), सगळ्यांनाच लागू होते, अगदी त्याच संगणकासमोर बसलेल्यालाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही दारं ओलांडावी लागतात आणि ज्या दारावर मोकळीक कमी, तेवढीच त्याच्या वाट्याला येते. तुम्ही पहिलं दार सताड उघडलंत, दुसऱ्यावर तिला अजून फक्त रीड आहे. म्हणून फाइल उघडते आणि सेव्ह मात्र होत नाही. खात्री करायची असेल तर सिक्युरिटीमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस, आणि तिचं नाव निवडा. तिला नक्की काय काय करता येतं याची यादीच समोर येते.

मी स्वतः नियम एकाच दारावर ठेवते. शेअरिंगमधून एव्हरीवन काढून ऑथेंटिकेटेड युजर्सना (खात्याने लॉगिन केलेल्यांना) चेंज द्यायचं आणि कुणी काय करायचं ते सगळं सिक्युरिटीमध्ये ठरवायचं. दोन ठिकाणी दोन वेगळे नियम लिहिले की सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही ते आठवत नाहीत.

तिथे तिचं नाव मात्र घालू नका. ‘हिशेब लिहिणारे’ आणि ‘हिशेब वाचणारे’ असे दोन ग्रुप करा, पहिल्याला मॉडिफाय, दुसऱ्याला रीड द्या आणि तिला पहिल्या ग्रुपमध्ये घ्या. मॉडिफायमध्ये नवी फाइल करणं, बदलणं, पुसणं सगळं येतं. फुल कंट्रोलमध्ये त्यावर मुख्यतः दोन गोष्टी जास्त मिळतात, परवानग्या बदलण्याचा आणि फोल्डरची मालकी घेण्याचा अधिकार. हिशेब लिहायला या दोन्हींची गरज नाही. उद्या तिचं काम बदललं तर ग्रुपमधून नाव काढलं की झालं. नावानिशी परवानग्या दिलेले जुने फोल्डर मी उघडते तेव्हा यादीत माणसांऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारे लांबलचक आकडे दिसतात. ही पुसून टाकलेली खाती असतात. तिथे कोण होतं आणि त्याला परवानगी का दिली होती हे सांगणारं आता कुणी नसतं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. ग्रुपमध्ये घेतल्यावर तिला लॉग ऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे याची नोंद लॉगिनच्या वेळीच होते आणि नंतर तीच दाखवली जाते. एवढ्यासाठी लोकांनी अर्धा दिवस घालवलेला मी पाहिला आहे. आणि ‘डिनाय’च्या चौकटींना हात लावू नका. कुणी दोन ग्रुपमध्ये असेल आणि एकीकडे अलाऊ, दुसरीकडे डिनाय असेल, तर एकाच पातळीवर डिनायचंच चालतं. परवानगी द्यायची नसेल तर नुसती देऊ नये, तेवढं पुरतं.

आता एव्हरीवनबद्दल. माझ्या पहिल्या नोकरीत मी हेच केलं होतं. संध्याकाळची वेळ, साहेब शेजारी उभे, तीन जणांची तीन तऱ्हेची तक्रार. मी एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला, सगळ्यांचं काम सुरू झालं आणि मला शाबासकीही मिळाली. तीन आठवड्यांनी वर्षभराच्या बिलांचा फोल्डर नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला तो शेजारच्या फोल्डरच्या आत. कुणाचा तरी माउस घसरला होता आणि फोल्डर ओढला गेला होता. पुसला गेला नव्हता हे आमचं नशीब, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ज्या बाईंना त्या बिलांचा जबाब द्यायचा होता त्या रात्रभर झोपल्या नव्हत्या. तो फोल्डर हलवण्याचं त्यांच्या विभागाबाहेरच्या कुणालाही काही कारण नव्हतं. ती सोय मी करून ठेवली होती.

जाता जाता: साध्या विंडोज १० किंवा ११ च्या संगणकावर शेअर केलेल्या फोल्डरला एका वेळी २० जोडण्यांचीच मर्यादा आहे. आठ संगणकांना ती पुरेल, वाढवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा.

प्रश्न : माझ्या फोल्डरमधली फाइल मी सगळ्यांच्या फोल्डरमध्ये ओढून ठेवली तर इतरांना उघडत नाही. तीच कॉपी करून पेस्ट केली तर उघडते. असं का? – एक वाचक

उत्तर : एकाच ड्राइव्हमध्ये फाइल हलवली की ती आपल्या जुन्या परवानग्या बरोबर घेऊन जाते. कॉपी ही नवी फाइल असते, ती जिथे जन्मते तिथल्या फोल्डरच्या परवानग्या घेते. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवणं म्हणजेही आतून कॉपीच. अडलेल्या फाइलसाठी सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड इथे जाऊन इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरच्या परवानग्या आपोआप घेणं) चालू करा आणि जुन्या नोंदी काढून टाका. याची उलटी बाजू मला जास्त काळजीची वाटते. पगारपत्रक ‘जरा वेळ’ म्हणून सगळ्यांच्या फोल्डरमध्ये कॉपी केलंत तर ते त्याच क्षणी सगळ्यांचं होतं.

प्रश्न : आमच्या मोठ्या झेरॉक्स-स्कॅनर मशीनवर स्कॅन केलेला कागद थेट संगणकाच्या फोल्डरमध्ये जायचा. नवा संगणक आल्यापासून जात नाही. एकाने एसएमबी-१ चालू करायला सांगितलं आहे. करू का? – शाळेच्या कचेरीतून एक वाचक

उत्तर : कृपा करून करू नका. हे मी आग्रहाने सांगते आहे.

एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणि प्रिंटर वाटून घेण्याची बोली. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातल्या कामावर उभी आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागत होता आणि कुणी काही क्लिक न करता एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घातली नव्हती ते सापडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या संगणकावर एसएमबी-१ बसवलेलंच नसतं. तुमचं मशीन जुनी बोली बोलतं आहे आणि नवा संगणक ती ऐकत नाही, एवढंच झालं आहे.

आधी मशीनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये एसएमबीची आवृत्ती निवडता येते का ते बघा. येत नसेल तर बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलसाठी नवं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) दिलं आहे का, हे सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला विचारा. तेही नसेल तर स्कॅन ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या. आणि फोल्डरचा मार्ग पुन्हा सुरू झालाच तर मशीनसाठी ‘स्कॅनर’ असं वेगळं खातं काढा आणि त्याला फक्त स्कॅनच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी द्या. मुख्याध्यापकांचा पासवर्ड मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकात टाकलेला मी पाहिला आहे. तो तिथून काढायचा कुणाच्या लक्षातच येत नाही.

प्रश्न : प्रिंटर चालू असतो, कागद असतो, हिरवा दिवा असतो आणि संगणक म्हणतो ‘ऑफलाइन’. बंद करून चालू केला की कधी चालतो, कधी नाही. – त्रासलेला वाचक

उत्तर : बहुतेक वेळा प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता मुदतीवर देतो. प्रिंटर बराच वेळ बंद राहिला की परत आल्यावर त्याला वेगळा पत्ता मिळू शकतो, आणि तुमचा संगणक जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. प्रिंटरच्याच बटणांवरून नेटवर्कची माहिती छापा आणि कागदावरचा आकडा संगणकात प्रिंटर प्रॉपर्टीजच्या पोर्ट्स टॅबमधल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला नाही तर कारण सापडलं. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा आणि संगणकावर स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करून तोच घाला. पोर्टच्या नावात ‘डब्ल्यूएसडी’ दिसलं तर तेही बदलून हाच करा. डब्ल्यूएसडी पोर्ट आपोआप जुळतो खरा, पण आपोआप हरवतोही. पत्ता जुळूनही ऑफलाइन दाखवत असेल तर पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढून बघा.

प्रिंटर केबलने एका सहकाऱ्याच्या संगणकाला जोडून तिथून शेअर केला असेल तर कारण याहून साधं असतं. त्याचा संगणक झोपला की सगळ्यांचा प्रिंटर झोपतो.

प्रश्न : एकाची प्रिंट अडकली की मागे सगळ्यांची रांग थांबते. मला दुसऱ्याची प्रिंट रद्द करता येत नाही. – एक वाचक

उत्तर : स्वतःची रद्द करता येते, दुसऱ्याची नाही, हा नियम चांगलाच आहे. तुमच्यातल्या एका जबाबदार माणसाला प्रिंटरच्या सिक्युरिटीमध्ये ‘मॅनेज डॉक्युमेंट्स’ द्या, त्याला कुणाचंही काम थांबवता येईल. तरीही हटत नसेल तर अ‍ॅडमिनने सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा प्रोग्रॅम) थांबवायचा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसायच्या (फोल्डर नाही, आतल्या फाइली) आणि स्पूलर पुन्हा सुरू करायचा. त्याआधी सगळ्यांना सांगा, कारण रांगेतली प्रत्येकाचीच प्रिंट जाते.

प्रश्न : शेअर केलेला प्रिंटर जोडताना आता अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो, पूर्वी मागत नव्हता. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) एक आकडा शून्य करण्याचा उपाय सापडला आहे. – एक वाचक

उत्तर : तो उपाय चालतो आणि म्हणूनच घातक आहे. स्पूलर विंडोजमध्ये सर्वोच्च अधिकाराने चालतो. २०२१ च्या जून-जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची त्रुटी उघड झाली. प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलता यावं म्हणून बसवायचा प्रोग्रॅम) म्हणून हवा तो प्रोग्रॅम स्पूलरच्या गळ्यात मारता येत होता, तेही साध्या खात्यावरून. त्यानंतर ऑगस्टच्या अपडेटपासून असा ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिनच लागतो. तो आकडा शून्य केला की ही अट जाते. प्रत्येक संगणकावर अ‍ॅडमिनने ड्रायव्हर एकदा बसवून द्यावा. नंतर पासवर्ड मागितला जाणार नाही.

प्रश्न : मी दवाखान्यात काम करते. तपासणीचे अहवाल प्रिंटरवर पडून राहतात आणि येणारा-जाणारा वाचतो. मला फार वाईट वाटतं. – स्वागतकक्षातून

उत्तर : वाईट वाटतं ते योग्यच आहे. फाइलवर कितीही कडक परवानग्या ठेवल्या तरी कागद ट्रेमध्ये आला की तो उघडाच. तुमच्या मशीनच्या ड्रायव्हरमध्ये ‘सिक्युअर प्रिंट’ किंवा ‘प्रायव्हेट प्रिंट’ आहे का बघा. प्रिंट देताना पिन घालायचा, मशीनजवळ जाऊन तोच पिन दाबला की मग कागद निघतो. सोय नसेल तर अहवालांसाठी छोटा वेगळा प्रिंटर आतल्या खोलीत ठेवायला सांगा आणि त्याच्या सिक्युरिटीमधून एव्हरीवन काढून तुमचाच ग्रुप ठेवा. डॉक्टरांशी बोलताना हे पत्र दाखवलंत तरी चालेल.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी लिनक्सचा सर्व्हर वापरतो. एकमेकांच्या फाइली बदलता याव्यात म्हणून ‘सीएचमॉड ७७७’ (परवानग्या बदलण्याची आज्ञा) केलं. सर रागावले. – चौघे जण

उत्तर : वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; बेरीज ७. तीन सात म्हणजे मालकाला, ग्रुपला आणि उरलेल्या साऱ्यांना सगळं काही. तुम्हाला फक्त मधला सात हवा होता. चौघांचा ग्रुप करा, डिरेक्टरी त्या ग्रुपच्या नावावर करा आणि तिला २७७० द्या. सुरुवातीच्या २ मुळे आत होणाऱ्या नव्या फाइलींनाही तोच ग्रुप लागतो. तरी फाइल बदलता आली नाही तर युमास्क (नव्या फाइलवरच्या कोणत्या परवानग्या कापायच्या ते ठरवणारा आकडा) बघा. तो ०२२ असेल तर नव्या फाइलवर ग्रुपची लिहिण्याची परवानगी कापली जाते, ००२ करा. फाइल पुसता येणं हे फाइलवर नाही, डिरेक्टरीवर लिहिता येण्यावर ठरतं, त्यामुळे मित्राची फाइल चुकून पुसली जाऊ नये असं वाटत असेल तर २७७० ऐवजी ३७७० द्या. आणि ग्रुपमध्ये नावं घातल्यावर इथेही चौघांनी एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा.