साहेबांनी माफ केलं की टोमणा मारला?

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहते आणि ऑफिस हिंजवडीत. मागच्या आठवड्यात पावसात चांदणी चौकात अशी अडकले की मीटिंगला चाळीस मिनिटं उशीर. नंतर साहेबांनी सगळ्यांना मेल टाकला त्यात माझ्याबद्दल 'शी वॉज पार्डनब्ली लेट' असं होतं. म्हणजे त्यांनी मला माफ केलं, की मी माफी मागितली असं म्हणायचंय? नवरा म्हणतो टोमणा आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: अहो, खुशाल झोपा. पार्डनब्ली म्हटलं की लोकांना 'आय बेग युअर पार्डन' आठवतं आणि तिथेच घोळ होतो, कारण या शब्दात माफी कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही, फक्त बघणाऱ्याचं मत असतं की चूक झाली खरी पण त्या पावसात कुणाचीही झाली असती. चूक मात्र झालेली असावी लागते हां, 'पार्डनब्ली वेळेवर आली' असं कुणी म्हणणार नाही. (हाच मेल महिन्यात तिसऱ्यांदा आला असेल तर मग नवऱ्याचं बरोबर आहे.)

हा शब्द सगळ्यात शोभतो तो 'प्राउड'च्या आधी. लेकीला दहावीत ९५ टक्के पडलेत, बाप सोसायटीभर पेढे वाटत फिरतोय, वॉचमनला दोनदा दिले, तिसऱ्यांदा मार्कशीट दाखवायला खिशातनं मोबाईल काढतोय. पार्डनब्ली प्राउड! जरा जास्तच मिरवतोय, पण रागावणार कोण?

मराठीत याला एका शब्दात पकडायला जाऊ नका. 'क्षम्यपणे' म्हणजे सरकारी परिपत्रक वाटतं. तसंही आपल्याकडे 'क्षम्य' फारसं कुणी बोलत नाही, 'अक्षम्य हलगर्जीपणा' मात्र पेपरात कायम! त्यापेक्षा वाक्यच फिरवा: 'तिला उशीर झाला, पण समजून घेण्यासारखा होता.' 'चूक पोटात घातली' असंही नको, ते प्रत्यक्ष माफ करणं झालं. आणि गंमत सांगू का, पार्डनच्या पोटात लॅटिनमधलं जे 'देणं' आहे ते आणि आपलं 'दान' एकाच मुळातले.

एक्स्क्यूझब्ली जवळचाच, तिथे कारण पटण्यासारखं असतं. उच्चार 'झ', 'स' नाही. 'स' येतो तो बहाणा या अर्थाच्या एक्स्क्यूसमध्ये.

तिसरा भाऊ व्हीनिअली. लॅटिनमध्ये व्हेनिआ म्हणजे क्षमा, कॅथलिक लोक किरकोळ पापाला व्हीनिअल म्हणतात आणि घोर पापाला मॉर्टल. पण साहेबांना उत्तर देताना इथे शहाणपणा करू नका, कारण व्हीनिअलमधला एक 'आय' टाइप करायचा राहिला की होतं व्हीनल, म्हणजे पैसे खाणारा.