टँकमध्ये कोणाबरोबर कोण?

माशांच्या ८० लिटरच्या टँकमध्ये गोल्डफिश, एंजल, निऑन टेट्रा, टायगर बार्ब आणि सकर एकत्र ठेवता येतील का, असं तुम्ही विचारलंत. या यादीतून गोल्डफिश आधी काढा. त्याला १८ ते २२ अंशांचं गार पाणी मानवतं, बाकीच्यांना २४ ते २७ लागतं. शिवाय तो घाणही भरपूर करतो.

एंजल आणि निऑन टेट्रा एकत्र छान दिसतात, पण विकत घेताना एंजल लहान असतो म्हणून. तो वाढला की निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि मग एकेक मासा गायब होऊ लागतो. जो तोंडात मावतो तो खाद्य, असंच धरून चाला. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडणार, तेव्हा तोही नको. आणि काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभराच्या वर वाढतो, हे विकणारा सहसा सांगत नाही!

तुमच्या ८० लिटरच्या टँकला मी ८-१० निऑन, तळाशी ६ कोरीडोरास आणि एक हनी गुरामी सुचवेन. कोरीडोरासना बारीक वाळू द्या, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. निऑन आणि कोरी कळपाचे मासे, दोन-तीनच आणले तर घाबरून कोपरा धरतात.

पाणी आधी तपासा. फार जड (क्षार जास्त असलेलं) असेल तर निऑनचा हट्ट सोडून प्लॅटी घ्या, पण नर-मादी एकत्र असतील तर पिल्लं आवरणार नाहीत.

टँक सायकल होऊन, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढून, विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत काहीच आणू नका. त्यानंतरही सगळे एकदम नकोत. निऑन नाजूक, ते शेवटी.