पहिल्याच वीकेंडला यार्मथ नको, ब्यूली नदीत जा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. २३ फुटी बोट हिवाळ्यानंतर नुकतीच पाण्यात उतरली आहे. एप्रिलमधल्या एका शनिवारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बलहून निघायचं, सोलंटमधून, म्हणजे आइल ऑफ वाइट बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून, पश्चिमेला त्या बेटावरचं यार्मथ गाठून रात्री मुक्काम करायचा आणि रविवारी परतायचं. सोबत दोन वर्षांची कॉकर स्पॅनियल चिंगी, आणि ती बोटीवर पहिल्यांदाच येणार. जमेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

वीकेंड जरूर करा, पण यार्मथ जूनसाठी ठेवा. हॅम्बल ते यार्मथ सरळ रेषेत पंधरा-सोळा सागरी मैल भरतं. इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा, म्हणजे जाताना तोंडावर. टॅक घेत घेत, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जात, २३ फुटी बोटीला पाच-सहा तास सहज लागतील. तुम्ही दोघं ते सोसाल. पण चिंगीने सकाळी सातला घराबाहेर शू केली असेल, तर यार्मथला पोचेपर्यंत तिने काय करायचं? कुत्रा बरोबर असला की प्रवासाची आखणी त्याच्या उतरण्याच्या वेळांपासून सुरू करावी, आणि त्यात जेवढं अंतर बसेल तेवढंच कापावं. नवख्या कुत्र्यासाठी मी धक्का ते धक्का तीन तासांच्या वर जात नाही.

त्या हिशोबात ब्यूली नदी नेमकी बसते. हॅम्बलपासून नदीकाठच्या बकलर्स हार्ड या गावापर्यंत साधारण दहा मैल, त्यातले शेवटचे तीनेक मैल नदीतले, शांत पाण्याचे. मुखाजवळ नांगर टाकायचा मोह होईल, जागाही सुरेख आहे, पण तिथले काठ पक्ष्यांसाठी राखीव आहेत. कुत्र्याला तिथे उतरवता येत नाही. म्हणून वर बकलर्स हार्डला पाँटूनवरचीच (तरंगत्या धक्क्यावरचीच) जागा घ्या, म्हणजे चिंगी स्वतःच्या पायांनी किनाऱ्यावर जाईल आणि डिंगीची (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीची) भानगडच उरणार नाही. ब्रिटिश नौदल सेनापती नेल्सनच्या आरमारातलं ‘अ‍ॅगमेम्नन’ हे जहाज १७८१ साली याच काठावरून पाण्यात उतरलं. लाकडी जहाजं जिथे बांधली जायची तो हिरवा उतार अजून आहे. तिथून ब्यूली गावापर्यंत नदीकाठच्या झाडीतून दोन-अडीच मैलांची पायवाट जाते. बोटीत बसून आलेल्या कुत्र्याला याहून चांगलं काही देता येईल असं मला वाटत नाही. मात्र दोरी सोडू नका. इथल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात घोडे मोकळे फिरतात, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीण सुरू झालेली असते. याच दिवसांत विषारी अ‍ॅडर साप उन्हाला येऊन पडतात, तेव्हा उंच गवतात तिला नाक खुपसू देऊ नका.

आता भरती-ओहोटीच्या ओढ्याचं, म्हणजे प्रवाहाचं, गणित. सोलंटमध्ये प्रवाह पोर्टस्मथच्या पूर्ण भरतीआधी साधारण तासभर पश्चिमेकडे वळतो आणि चार-साडेचार तास भरतीनंतरही तसाच वाहतो. भरतीच्या सुमारास हॅम्बल सोडलंत तर ओढा साथ देईल आणि नदीच्या मुखाशी पोचाल तेव्हा पाणीही पुरेसं असेल. मुखावर उथळ पट्टा आहे. पूर्ण ओहोटीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास त्यावरून जाऊ नये, उधाणाच्या दिवसांत तर नाहीच. परतताना उलट करा: पाणी चढायला लागून दोन तास झाले की बाहेर पडा, पूर्वेकडचा ओढा तुम्हाला घरी आणेल. शक्य असेल तर भांगाच्या (पाण्याचा चढउतार कमी असतो त्या) दिवसांतला वीकेंड निवडा. नैऋत्येचा वारा आणि पश्चिमेकडे जाणारा ओढा समोरासमोर आले की सोलंटमध्ये आखूड, उभ्या लाटा उठतात. कुत्र्याच्या पोटाला सगळ्यात जास्त त्रास त्यांचाच होतो.

वाटेत कॅलशॉटपाशी मोठ्या जहाजांचा मार्ग ओलांडावा लागेल. दीडशे मीटरहून लांब जहाज आलं की त्याच्या पुढे हजार मीटर आणि दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर शिरायला बंदी असते, आणि ती कक्षा जहाजासोबत सरकत राहते. व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १२ लावून ठेवा, साउदॅम्प्टनचं वाहतूक नियंत्रण तिथेच बोलतं. या अर्ध्या तासात एकाने फक्त बोट आणि एकाने फक्त चिंगी सांभाळायची, हे आधीच ठरवा.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे, कारण ती कुणी सांगत नाही. हिवाळ्यात इंजिन गोठू नये म्हणून त्यात अँटिफ्रीझ भरलेलं असतं. एथिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ चवीला गोड असतं, कुत्री ते आवडीने चाटतात, आणि थोड्याशाने त्यांचं मूत्रपिंड निकामी होऊन जीव जातो. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना ते बाहेर पडतं, काही थेंब बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) साचतात. तेव्हा चिंगी येण्याआधी एक पूर्ण दिवस तिच्याशिवाय बोटीवर घालवा. बिल्ज गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा, फळ्यांखालचा कोपरान् कोपरा बघा. त्याच दिवशी इंपेलर (थंड पाण्याच्या पंपाचं चक्र), सीकॉक्स (बोटीच्या तळातले पाण्याचे झडप), गॅसची नळी तपासा आणि दोन तास पाण्यावर फिरून या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो, आणि कुत्रा तळाशीच झोपतो. टाकीतलं हिवाळ्याचं पाणी तिला पाजू नका, घरून कॅन भरून न्या.

लाइफजॅकेट पाठीवर मजबूत मूठ असलेलंच घ्या. घरी ते घालून तिला त्या मुठीने जमिनीपासून वीतभर उचलून बघा. पोटाखालचे पट्टे सरकून जॅकेट मानेकडे गेलं, तर ते माप चुकीचं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढंच घट्ट हवं. एप्रिलमध्ये इथलं पाणी नऊ-दहा अंशांचं असतं. चिंगी पडली तर तिच्यामागे उडी मारायची नाही, हे दोघांनी एकमेकांना आत्ताच सांगून ठेवा. बोट तिच्याजवळ न्या, वेग काढून टाका, बोट-हुकचा आकडा त्या मुठीत अडकवा. रिकाम्या पाण्याच्या कॅनला जुनं जॅकेट बांधून हा सराव दोनदा-तीनदा करा. तिला बांधायचं ते नेहमी हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही, आणि दोरी एवढी आखूड की कठड्यापलीकडे ती लोंबकळू शकणार नाही. शीड वर असताना तिची जागा कॉकपिटच्या तळाशी, पायांपाशी. टॅक घेताना शीट (शिडाची दोरी) सुसाट धावते, तेव्हा चिंगीचं शेपूट विंचजवळ (ती दोरी गुंडाळायच्या चरकाजवळ) नसावं.

वाटेतल्या शूसाठी नकली गवताचा तुकडा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) बांधतात. तो आजच घराच्या अंगणात टाका, तिच्या नेहमीच्या जागी, आणि रोज एकच शब्द वापरा. आमची कुत्री राणी ‘शूला जा’ म्हटलं की लगेच जाते, पण तिला ते जमायला बरेच आठवडे लागले. चिंगी पहिल्या खेपेला बोटीवर करेलच असं धरू नका.

निघण्याआधी तीन तास तिला जेवण नको. उलटीची भीती वाटत असेल तर व्हेटकडून मॅरोपिटंट लिहून घ्या, माणसांच्या गोळ्या मनाने देऊ नका. ईस्टरच्या आसपास जाणार असाल तर चॉकलेट आणि मनुकांचे बन वरच्या फडताळात बंद ठेवा. सकाळी कांदेपोहे केलेत तर ताटली खाली ठेवू नका, कांदा कुत्र्यांना बाधतो आणि स्पॅनियलला ताटली चाटायला क्षण पुरतो. खारं पाणी ती पिणार नाही याकडेही लक्ष असू द्या.

रात्री केबिनमध्ये चांगलीच थंडी पडते. भिजलेला स्पॅनियल वाळायला फार वेळ घेतो, म्हणून टॉवेल वाटतात त्याच्या दुप्पट न्या आणि झोपण्याआधी तिचे कान, पंजे गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा. हीटर किंवा शेगडी लावणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते बघा.

शुक्रवारी रात्रीचा अंदाज नैऋत्य ५ (बोफर्ट मापाने वाऱ्याचा जोर) किंवा त्याहून जास्त असेल तर सोलंटमध्ये जाऊच नका. बोटीवर धक्क्यालाच रात्र काढा, नदीत वर चक्कर मारा. चिंगीला शिडी, इंजिनचा आवाज आणि डोलकाठीची खडखड यांची सवय त्यातही होते.

तुमच्या बोटीचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) किती आणि कील (तळाचं पातं) कुठलं, फिन (मधोमध एकच) की बिल्ज (दोन बाजूंना दोन), ते कळवा. तारीखही सांगा. मुखाशी किती वाजता पोचायचं ते भरतीच्या कोष्टकावरून बसवून देतो.