नाशिकमधल्या जुन्या वाड्यांचं डॉक्युमेंटेशन एकट्याने करायचं आहे. सुरू करण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरी सांभाळून, सिंहस्थाच्या गर्दीआधी, वर्षभरात जुन्या नाशकातले ६० वाडे एकट्याने नोंदवायचे आहेत. कॅमेरा आहे, हौस आहे, फक्त लेझर मीटर (अंतर मोजायचं यंत्र) कोणता घ्यावा तेही विचारलंय. लेझर मीटर कुठलाही चांगला घ्या. आधी तो ६० चा आकडा खोडा.

हिशोब करू. आठवड्याला एक सुट्टी धरली तर वर्षाचे ५२ दिवस. जून ते सप्टेंबर पावसाचे १७ गेले, कारण ओल्या, गळक्या माडीवर तुम्ही चढू नये आणि घरातले लोकही त्या दिवसांत बादल्या मांडण्यात गुंतलेले असतात. राहिले ३५. सणवार, लग्नं, घरातलं आजारपण यांचे १० काढा. २५ उरले. एका वाड्याला किमान तीन खेपा लागतात: पहिली नुसती ओळखीची नि चहाची, दुसरी मापांची, तिसरी फोटोंची आणि राहून गेलेल्या गोष्टींची. म्हणजे वर्षाला आठ वाडे. शिवाय रात्रीचं टेबलावरचं काम वेगळं. तासाभराचं बोलणं रेकॉर्ड केलंत तर ते कागदावर उतरवायला चार-पाच तास सहज जातात.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. २०१७ च्या दिवाळीनंतर मीही असाच निघालो होतो. एका रविवारी दोन-दोन, तीन-तीन वाडे. तिवंधा, सोमवार पेठ, नाव दरवाजा, जिथे दार उघडं दिसेल तिथे शिरायचं आणि भसाभस फोटो काढायचे. कुठला फोटो कुठला ते लिहिलं नाही, कारण लक्षात होतंच की! मग वडिलांचं ऑपरेशन झालं, चार महिने खंड पडला. परत बसलो तेव्हा स्क्रीनवर एक सागवानी खांब. खाली दगडी तळखडा, वर कोरलेली केळफुलं, मागच्या निळसर भिंतीवर पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशोब. हा खांब कुठल्या वाड्यातला, ते मला आजही सांगता येत नाही. त्या पेठांमधले दोन वाडे मधल्या काळात पडले, त्यामुळे जाऊन ताडून बघायचीही सोय नाही.

म्हणून माझ्या मते जोखमीच्या यादीत पहिलं नाव स्वतःचं लिहावं. आपण मध्येच कधीतरी थांबणार, हे धरूनच कामाची आखणी करा. एक वाडा पुरता संपवायचा, मगच दुसऱ्याची कडी वाजवायची. संपवायचा म्हणजे कच्चा नकाशा, नावं दिलेले फोटो, कोणी काय सांगितलं आणि कधी सांगितलं, सगळं एका फोल्डरमध्ये, त्याच आठवड्यात. त्याच्या तीन प्रती: दोन वेगळ्या डिस्कवर, तिसरी घराबाहेर, भावाकडे किंवा क्लाऊडवर. तिसऱ्याच वाड्यावर थांबलात तरी तीन वाडे हातात राहतात. माझ्याकडे त्या वेळचे एकतीस वाड्यांचे फोटो आहेत आणि त्यांतला धड एकही वाडा नाही.

दुसरी जोखीम तुमच्यामुळे दुसऱ्यांना आहे. ती कोणी मोजत नाही. एका वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या आजींनी मला पहिलाच प्रश्न केला, "बिल्डरकडनं आलास का नगरपालिकेकडनं?" कुठूनच नाही म्हटल्यावर चहा दिला, माजघर दाखवलं, पण जिन्याशेजारच्या भिंतीला गेलेल्या भेगेचा फोटो काढू देईनात. मला तेव्हा राग आला होता. नंतर कळलं, त्या तीन पिढ्यांच्या भाडेकरू आणि मालकांशी प्रकरण कोर्टात. पावसाळ्याआधी महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा काढते. तेवढी एक भेग नको त्या हातात गेली तर आजींचं सामान रस्त्यावर यायचं.

तेव्हापासून मी साध्या मराठीत एक पानी कागद नेतो: काय टिपणार, काय दाखवणार, नाव घालायचं की नाही. मालक आणि भाडेकरू दोघांनाही विचारतो, एक प्रत त्यांच्याकडे ठेवतो. रिकाम्या वाड्यांचा पत्ता तर कुठेच टाकू नका. नक्षीच्या दरवाजांना आणि देवघरांना गिऱ्हाईक असतं, तुमचा सुंदर फोटो म्हणजे त्यांना आयता कॅटलॉगच.

जिवाचं थोडक्यात. माडीवर एकट्याने जायचं असेल तर घरी सांगून जा. पाय भिंतीच्या कडेने टाका, जिथे तुळईचं टोक भिंतीत बसलेलं असतं. खणाच्या, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेच्या, मधोमध कधीच नाही. पाटईवर (माडीच्या जमिनीच्या लाकडी फळ्यांवर) माती-चुन्याचा थर असतो, त्यामुळे खालचं लाकूड कुजलंय की नाही ते वरून दिसत नाही. काठीने ठोकून बघा, आवाज बद्द आला की मागे फिरा. ड्रोनचं डोक्यातून काढूनच टाका. देवळालीला तोफखाना, ओझरला विमानतळ, शहरात नोटांचा छापखाना, परवानगीच्या फेऱ्यांतच तुमच्या त्या २५ सुट्ट्या संपतील.

सामानाचं म्हणाल तर लेझर मीटर एकट्या माणसाला खरंच वरदान आहे, टेपचं दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. वाड्यातल्या चौकाचे दोन्ही कर्ण मोजा. जुने चौक डोळ्यांना काटकोनी वाटतात, बहुतेक वेळा नसतात. माजघरासाठी ट्रायपॉड हवाच. थोडे पैसे प्रिंटसाठी बाजूला ठेवा. घरच्यांना त्यांच्याच दिंडी दरवाजाचा मोठा फोटो नेऊन दिला की शेजारचा वाडा आपोआप उघडतो, हा माझा अनुभव.

कोणते आठ घ्यायचे? सरकारवाड्यासारखे नावाजलेले सोडा, त्यांना बघणारे आहेत. सराफ बाजार, दहीपूल भागातले तळमजले आधी घ्या. तिथे गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पुराचं पाणी शिरतं. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून पूर मोजतात, तो कुठवर बुडाला ते सगळे सांगतात, पण २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला आपल्या घरात पाणी कितव्या पायरीला होतं, ते त्या त्या घरातलाच माणूस बोटाने दाखवतो. भिंत गिलाव्याने झाकली की पाण्याची ती खूण गेली. एक मात्र करा, सुरू करण्याआधी 'सावाना'त (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) किंवा दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात जाऊन विचारून या, की तयार झालेली प्रत ठेवून घ्याल का, आणि कुठल्या स्वरूपात.

पहिला वाडा नात्यातला किंवा ओळखीतला बघा. नव्याने सुरुवात केली तेव्हा माझा आत्याचा होता. तिथेसुद्धा तळघराच्या किल्लीसाठी तीन खेपा झाल्या, आणि ती शेवटी देवघरातल्या फडताळात सापडली.