रिचर्ड वॉरेनच्या वरच्या पिढ्या खऱ्या का?

ताई, तुमच्या सुनेच्या माहेरचा मूळपुरुष रिचर्ड वॉरेन. ऑनलाइन वंशवृक्षात त्याच्या वर थेट इंग्लंडमधल्या सरे परगण्याच्या नॉर्मन अर्लांपर्यंत, म्हणजे सरदारांपर्यंत, पिढ्या दिसतात, त्या नातवासाठी लिहून ठेवू का, असे विचारलेत. ठेवू नका. वॉरेनचे आईवडील कोण, हे आजवर कुणालाच सिद्ध करता आलेले नाही. आडनाव जुळतेय म्हटल्यावर जुन्या लेखकांनी त्याला सरदारांच्या घरात नेऊन बसवले आणि पुढच्यांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले.

खात्रीचे आहे ते असे. वॉरेन १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्लिमथला आला आणि १६२८ मध्ये वारला. बायको एलिझाबेथ आणि पाच मुली १६२३ मध्ये मागाहून आल्या. एलिझाबेथचे माहेर ज्युएट, असे कितीतरी ठिकाणी अजून वाचाल, तेही खोडा. हर्टफर्डशरमधल्या ग्रेट ॲमवेल गावच्या चर्चच्या वहीत १४ एप्रिल १६१० ला रिचर्ड वॉरेन आणि एलिझाबेथ वॉकर यांचे लग्न नोंदलेले आहे. नुसत्या नोंदीवरून हे तेच जोडपे म्हणता येत नाही, कारण असली नावे इंग्लंडात पैशाला पासरी. पण मुलीच्या वडिलांचे, ऑगस्टीन वॉकरचे, १६१३ चे मृत्युपत्र बघा. त्यात लेक एलिझाबेथ वॉरेन आहे आणि तिच्या मुली मेरी, ॲन, सारा आहेत. प्लिमथच्या वॉरेनच्या थोरल्या तीन मुली याच! हा पुरावा २००३ मध्ये छापून आला. मला या शोधाचे फार अप्रूप वाटते: नवऱ्याचा ठाव लागेना, तो बायकोच्या माहेरातून लागला.

आता तुमचे काम खालच्या बाजूला आहे. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने पहिल्या पाच पिढ्या पुराव्यांनिशी छापल्या आहेत, तिथवर चिंता नाही. अडते ते त्यानंतर. अमेरिकेच्या १८५० च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. बायकामुले म्हणजे नुसते आकडे. तिथे मृत्युपत्रे आणि जमिनीची खरेदीखते वाचावी लागतात, कारण लेकीजावयांची नावे त्यांत सापडतात. तारखा उतरवताना एवढे बघा, की १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या नोंदीला जुन्या आणि नव्या गणनेची दोन्ही साले लिहा.

सुरुवात मात्र विहीणबाईंपासून करा. त्यांच्या आजी-पणजीची माहेरची आडनावे आणि गावे आधी लिहून घ्या.